बगळ्यांवर कारवाई

"शुक्रवारपर्यंत तो खेळ जगाच्या पाठीवर कुठेही दिसणार नाही!" असं म्हणून कलमरावांनी भर बैठकीत टेबलावर हात आपटला. चहाचा कप आडवा झाला आणि मॅडमची फाइल भिजली. पण आवेश असा होता, की फाइल पुसायचं भान कोणालाच राहिलं नाही. खुद्द मॅडम सोडून!

कलमराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते व्हिडिओ गेम बनवणाऱ्या एका कंपनीचे वकील. कायदा अंगात इतका मुरलेला, की चुकून कोणी त्यांच्या खुर्चीत बसलं तरी "कुठल्या कलमाखाली?" असं विचारायचे. तेव्हापासून ऑफिसात ते कलमराव झाले, आणि हळूहळू घरातही.

त्यांच्या कंपनीचा एक जुना, लोकांचा लाडका खेळ होता: 'बदक पलटण'. रांगेतल्या बदकांना गजबजलेला रस्ता ओलांडून तळ्यावर न्यायचं, एवढंच. मग कंपनीने तो गुंडाळला आणि त्याच नावाने नवा काढला. नव्यात बदकाने फुटपाथवरून पाय खाली टाकला रे टाकला, की जाहिरात! बदक अधांतरी, समोरून ट्रक येतोय, आणि पडद्यावर कोणीतरी हसत हसत गादी विकतंय!

आणि आता कोणा एका 'लंगडा बगळा' नावाच्या इसमाने 'बगळे पलटण' नावाचा खेळ करून फुकट वाटायला काढला होता. तोच रस्ता, तेच तळं, तेच ट्रक. बदकांच्या माना आणि पाय ओढून लांब केले, की झाले बगळे!

"पण साहेब," एक प्रोग्रॅमर कोपऱ्यातून म्हणाला, "तो तर फुकट देतोय. त्यात जाहिरातसुद्धा नाही."

"चोरलेली सायकल फुकट फिरवायला दिली, म्हणून ती काय आपली होते?"

"पण जुना खेळ आपण देतच नाही ना आता कोणाला."

"मी माझी सायकल माळ्यावर टाकली, म्हणून शेजाऱ्याने ती उचलावी?"

"उचलली नाही साहेब. तिच्याकडे बघून दुसरी बनवली."

कलमरावांनी उत्तरासाठी तोंड उघडलं आणि डाव्या बाजूच्या दाढेतून अशी सणक आली, की डोळ्यांपुढे बगळेच बगळे! सायकलीचं उदाहरण तिथेच संपलं.

मॅडम म्हणजे कंपनीच्या प्रमुख. त्या कमी बोलायच्या. फाइल झटकत त्या म्हणाल्या, "शुक्रवार. नाहीतर मी बाहेरचा वकील बघते."

घरी जेवताना कलमरावांनी हीच घोषणा पुन्हा केली, पण एका गालाने चावत. त्यांची बायको पोहणं शिकवायची. तलावाच्या त्या टोकाला बुडणाऱ्यालाही स्पष्ट ऐकू जावा असा तिचा आवाज.

"अहो, त्या बगळ्याचं नंतर बघा! गाल बघा आधी! ताईंकडे का जात नाही?"

ताई म्हणजे कलमरावांची मोठी वहिनी, दातांची डॉक्टर. तिचा दवाखाना दोन गल्ल्या सोडून होता. पण ज्यांच्या नोटिशीने बड्या बड्या कंपन्यांना घाम फुटायचा, त्या कलमरावांना त्या खुर्चीचा नुसता विचार आला तरी घाम फुटायचा.

"एकदा ही कारवाई होऊ दे," ते म्हणाले. "एका वेळी एकच दुखणं."

त्यांनी नोटीस लिहिली. काय नोटीस होती ती! एकेक वाक्य मालगाडीसारखं, शेवटचा डबा येईपर्यंत इंजिन विसरायला व्हावं असं. खाली नाव न घालता रुबाबात 'विधी विभाग' अशी सही ठोकली. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं:

'नोटीस मिळाली. शब्द फार जड आहेत. आमचे बरेचसे खेळाडू पहिली-दुसरीतले आहेत. त्यांना समजेल अशी करून पाठवाल का?'

कलमरावांनी रागाने दात खाल्ले. नेमके त्याच बाजूचे! त्यांच्या किंकाळीने ऑफिसला वाटलं, आग लागल्याची घंटा झाली.

मग त्यांनी पुरावा गोळा करायला घेतला. पुरावा म्हणजे खेळ खेळून बघणं आलं. बाथरूमचं दार लावून ते खेळत होते आणि बाहेर बायको ऐकत होती. "आई गं! गेला! अरे ट्रक, ट्रक! मेलो!"

"दार उघडा!" ती ओरडली. "फीट आली का?"

"पुरावा गोळा करतोय!"

"बाथरूममध्ये कसला पुरावा?"

या प्रश्नाचं उत्तर देणं कुठल्याच कलमात बसत नव्हतं.

शेवटी त्यांनी शेवटचं अस्त्र काढलं. हे सगळे खेळ ज्या साइटवर मिळायचे, तिच्याकडेच तक्रार केली. आता त्या लंगड्याने खेळाचं नाव बदललं तर? बगळ्यांचे बगळे न ठेवता मोर केले तर? पळवाटच नको, म्हणून कलमरावांनी लिहिलं: 'रांगेने रस्ता किंवा तत्सम अडथळा ओलांडणारे, पंख असलेले, कोणत्याही जातीचे पक्षी ज्यात आहेत, असे सर्व खेळ तात्काळ काढावेत.' हे वाक्य त्यांनी स्वतःलाच तीनदा वाचून दाखवलं. इतकं आवडलं!

आणि गुरुवारी सकाळी बगळे गायब! एक दिवस आधीच! ऑफिसने केक आणला. मॅडमसुद्धा किंचित हसल्या. कलमरावांनी विजयी मुद्रेने पहिला घास घेतला. त्यात कडक साखरेचा खडा होता.

पुढचं त्यांना नीटसं आठवत नाही. शुद्ध आली तेव्हा ते वहिनीच्या दवाखान्याच्या दारात गाल धरून उभे होते आणि आत हलकल्लोळ माजला होता. बाकांवर मुलं, सगळी तारस्वरात रडणारी. आया त्यांना ओढतायत. नर्सबाई भिंतीवरच्या पडद्याला पुढून, मागून, बाजूने थापट्या मारतायत.

"काय झालं?" कलमरावांनी एका आईला विचारलं.

"अहो, तो बगळ्यांचा खेळ बंद पडलाय! त्याच्याशिवाय ही मुलं तोंड उघडत नाहीत. मेल्याने कोणीतरी बंद करून टाकला म्हणे!"

आता इथे कोणीही शहाणा माणूस गप्प बसला असता. पण बढाई ही शिंकेसारखी असते, नको तिथेच येते!

"मीच केला!" कलमराव म्हणाले. "एका तक्रारीत!"

आयांनी ओढणं सोडलं. मुलंसुद्धा रडायची थांबली आणि त्यांच्याकडे बघायला लागली. तेवढ्यात आतलं दार उघडलं आणि मास्क लावलेली वहिनी बाहेर आली.

"या भावजी," ती म्हणाली. "तुमचीच वाट बघत होते."

खुर्ची मागे झुकली. दिवा डोळ्यांवर आला.

"आ करा. हं, अक्कलदाढ आहे. आडवी येतेय."

"वहिनी, जरा हळू..."

"आ मोठा! तर भावजी, तो खेळ मी केलाय."

"आँ?"

"लंगडा बगळा मीच. पाय मुरगळला होता ना मला, महिनाभर घरात बसले, तेव्हा शिकत शिकत केला. तुमचा तो जुना बदकांचा खेळ मी मुलांना दाखवायचे. कशी गुंग व्हायची! मग तुम्ही तो काढून घेतलात आणि जाहिरातींचा आणलात. मी आत सुई घातलेली, आणि वर पडद्यावर धाडकन गादीवाला! मूल दचकतं! सुई कुठे जाते माहितीये?"

"आँ आँ!" कलमरावांना माहीत करून घ्यायचं नव्हतं.

"आता अशा कितीतरी दवाखान्यांत चालतो तो. एक पैसा घेत नाही मी कोणाकडून."

तिने आरसा बाहेर काढला, तशी कलमरावांनी संधी साधली. "वहिनी, हेतू चांगला असेल! पण रस्ता आमचा, तळं आमचं, ट्रक आमचे! ज्याने ते काढले, त्याची काही मेहनत आहे की नाही? विचारलंत का कोणाला?"

वहिनीने आरसा खाली ठेवला. "नाही विचारलं."

"का?"

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता."

"ही काय सबब झाली?"

"नाही झाली," ती प्रांजळपणे म्हणाली. "ते मला टोचतंच. बगळे निदान मी स्वतः काढले, पण रस्ता आणि तळं सरळ उचललं. चुकलंच ते. आता आ करा."

"आणि नोटीस माझ्याकडून आली हे माहीत होतं तुम्हाला?"

"असली वाक्यं दुसरं कोण लिहितं? घरात मुद्दाम बोलले नाही. तुमची नोकरी अडचणीत आली असती. म्हटलं, दाढ दुखतेय असं तुमची बायको सांगते आहेच. आज ना उद्या दाढच घेऊन येईल तुम्हाला."

आणि तिने सुई टोचली. डावा गाल, जीभ आणि ओठ हळूहळू परके झाले. कलमरावांना तिला खूप काही सुनवायचं होतं, पण प, ब, म ही अक्षरं तोंडातून राजीनामा देऊन निघून गेली होती.

"ई एकदा ठरवलं की ठरवलं!" ते म्हणाले. म्हणजे त्यांना 'मी' म्हणायचं होतं.

शेजारच्या खुर्चीत एक मुलगी दोन्ही हातांनी तोंड झाकून बसली होती आणि झाकल्या तोंडानेही खिडक्या हादरतील अशी ओरडत होती. नर्सबाईंनी हात टेकले.

"भावजी, औषध चढेपर्यंत तुम्हाला काही काम नाही," वहिनी म्हणाली. "तिचा खेळ तुम्ही बंद केलात. आता तुम्हीच बगळा व्हा."

"ई? अगळा?"

"उठा!"

गळ्यात कागदी लाळेरं, गाल एका बाजूला ओघळलेला, अशा अवस्थेत कंपनीचे विधी विभाग प्रमुख दोन्ही हात पसरून त्या खुर्चीभोवती एका पायावर चालायला लागले. "अ‍ॅक! अ‍ॅक!"

मुलगी ओरडायची थांबली. तिने बोटांच्या फटीतून पाहिलं. "हे बदक आहे," ती तुच्छतेने म्हणाली. "बगळा असा ओरडत नाही." आणि पुन्हा सूर लावला.

इतक्यात फोन वाजला. मॅडम! नर्सबाईंनी मदत म्हणून तो उचलून स्पीकरवर टाकला.

"कलमराव! आपली 'बदक पलटण' कुठे आहे?"

"अ‍ॅडअ, ई डॉक्टरकडे..."

"साइटवरून गेली! नवी कोरी! ते म्हणतात, तुमच्याच तक्रारीप्रमाणे पंखवाले सगळे काढले! कोंबड्या गेल्या, पेंग्विन गेले! पेंग्विनवाल्यांचा वकील माझ्या दारात उभा आहे! काय लिहिलंत तुम्ही?"

"अळवाट नको अणून..."

"अळू? कसलं अळू? प्यायलाय का तुम्ही?"

"दाढ! दाढ, अ‍ॅडअ!"

"आत्ताच्या आत्ता ती तक्रार मागे घ्या!"

"अण अगळेही अरत येतील!"

मॅडमना यातलं अक्षर कळलं नाही. वहिनी फोनकडे वाकून शांतपणे म्हणाली, "ते म्हणतायत, पण बगळेही परत येतील. मी त्यांची डॉक्टर."

"गाढवं आली तरी चालतील!" मॅडम कडाडल्या. "पण माझी बदकं मला दहा मिनिटांत दिसली पाहिजेत!"

कलमरावांनी फोनवरच तक्रार मागे घेतली. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं एखादं वाक्य त्यांनी पुसून टाकलं, आणि तेही एवढं लाडकं! थोड्या वेळाने बाहेरून आरोळी आली. बगळे, बदकं, कोंबड्या, पेंग्विन, सगळे रस्त्यावर! शेजारच्या मुलीच्या समोरचा पडदा उजळला, तिचा जबडा आपोआप उघडला, आणि दात कधी निघाला तिला कळलंही नाही.

कलमरावांची दाढ निघताना मात्र त्यांना सगळं कळलं.

गालाची सूज उतरल्यावर त्यांनी मॅडमची समजूत घातली. पेंग्विनवाल्यांच्या प्रकारानंतर मॅडमना कोणावर तक्रार करायची हौस उरली नव्हती. बगळ्यांना रीतसर परवानगी मिळाली. अटी दोनच: रस्ता आणि तळं वहिनीने नव्याने काढायचं, आणि मूळ खेळ कोणाचा ते सुरुवातीलाच ठळक लिहायचं. वहिनीने दोन्ही आनंदाने केलं. तळ्यात तिने कमळं काढली, तीही दाढांच्या आकाराची. सगळं सुरळीत झालं.

आणि मग एका रविवारी दुपारी वहिनी तणतणत घरात शिरली. चप्पलसुद्धा काढली नाही.

"भावजी! नोटीस काढा! आत्ताच्या आत्ता!"

"कोणावर?"

"कोणीतरी 'करकोचे कंपनी' नावाचा खेळ काढलाय! फुकट! माझी कमळं घेतलीत, माझ्या बगळ्यांचे गुडघे घेतलेत! अहो, ते गुडघे मी रात्र रात्र बसून वाकवलेत!"

"मूळ खेळ तुमचा, असं लिहिलंय का?"

"लिहिलंय की! 'लांडगा बगळा यांच्यावरून' असं लिहिलंय! लांडगा!"

कलमरावांनी चेहरा शक्य तितका गंभीर केला. फोन हातात घेतला. "आधी पुरावा बघावा लागेल," ते म्हणाले आणि खेळायला लागले. बायको मागून डोकावली. कुठे जाहिरात नाही, ट्रकवाला भला माणूस असल्यासारखा जरा थांबतोय. बदकांत आणि बगळ्यांत ज्यांना कधी अर्धा रस्ताही जमला नव्हता, त्या कलमरावांचे करकोचे एका दमात तळ्यावर!

"काय, आहे ना नक्कल?" वहिनीने विचारलं.

"आहे ना! धडधडीत आहे!" मान वर न करता कलमराव म्हणाले. "प्रकरण फारच गंभीर आहे वहिनी. तुम्ही बसा. अजून बराच वेळ खेळावं लागेल."

"सरका तिकडे," बायको म्हणाली. "थोडा पुरावा मलाही गोळा करू दे!"