बाळनिद्रा पद्धत निवड समितीचे एकवीस दिवस

माणूस आयुष्याचा एक तृतीयांश भाग झोपेत घालवतो आणि उरलेला दुसऱ्यांच्या झोपेबद्दल मत देण्यात. हे सत्य सर्व वयोगटांना लागू आहे, अपवाद फक्त तान्ह्या बाळांचा. बाळांना मत नसते. त्यामुळे झोप आली की ती झोपतात, आणि ही सवय वेळीच मोडून काढणे हे जबाबदार पालकांचे पहिले कर्तव्य मानले जाते.

ताईच्या घरी मी तीन आठवड्यांसाठी राहायला गेले, त्या दिवशी तिथे पुढील गोष्टी होत्या: सात महिन्यांची मुलगी एक (वजन सात किलो चारशे ग्रॅम), मोठी माणसे तीन, म्हणजे ताई, भाऊजी आणि भाऊजींची आई, ज्यांना आता सगळेच आजी म्हणतात, बाळाच्या झोपेवरची पुस्तके नऊ, त्यांपैकी शेवटपर्यंत वाचलेले एकही नाही, मोबाइलवरची अ‍ॅप सहा, चोवीस प्रकारचे आवाज काढणारे यंत्र एक, तापमापक तीन, जे एकाच खोलीत दीड अंशाचा फरक दाखवत होते, आणि झोपलेली व्यक्ती एक. ती व्यक्ती म्हणजे बाळ. सकाळचे अकरा वाजले होते. बाकीचे तिघे खाटेच्या कठड्याभोवती वाकून ती खरंच झोपली आहे का, ते पाहत होते.

प्रश्न गंभीर होता. ताई औषधांच्या कारखान्यात तपासनीस आहे. इंजेक्शनची भरलेली बाटली दिव्यासमोर धरायची, आधी पांढऱ्या पडद्यापुढे, मग काळ्या, आणि आत तंतू किंवा काचेचा कण दिसला तर बाजूला काढायची. एका बाटलीला दहा सेकंद. मोठ्या रजेवरून परतणाऱ्याला याची परीक्षा पुन्हा द्यावी लागते: दोनशे बाटल्या, त्यांत मुद्दाम मिसळलेल्या सदोष वीस, आणि त्यांपैकी किमान अठरा सापडल्या पाहिजेत. नाही सापडल्या, तर खोकी चिकटवण्याच्या विभागात बदली. ताईने बारा वर्षे बाटल्याच पाहिल्या होत्या आणि खोक्यांविषयी तिला काडीची आस्था नव्हती. परीक्षा एकविसाव्या दिवशी होती. मी गेले त्या सकाळी तिने भाऊजींचा मोजा टोपी समजून बाळाच्या डोक्यात घातला होता आणि बरोबर बसला म्हणून समाधान व्यक्त केले होते.

मी नुकतीच संख्याशास्त्रात पदव्युत्तर पदवी घेतली होती. नोकरी लागायची होती, त्यामुळे माझ्याकडे वेळ आणि आत्मविश्वास दोन्ही भरपूर होते. ताईला झोप मिळायची तर बाळाला शिस्तीत झोपवले पाहिजे आणि शिस्तीत झोपवायचे तर पद्धत निवडली पाहिजे, हे तर्काला धरून होते. म्हणून त्याच संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर बाळनिद्रा पद्धत निवड समिती स्थापन झाली. भाऊजी अध्यक्ष, मी सचिव, आजी सदस्य (निषेध नोंदवून). ताईला कायम निमंत्रित ठेवण्यात आले, कारण बैठकीच्या वेळी ती नेहमी बाळापाशी असे.

पहिला आठवडा साक्षी नोंदवण्यात गेला. आजी म्हणाल्या, "चार पोरं वाढवली मी. झोप आली की झोपायची, नाही आली की नाही." ही माहिती समितीने आदरपूर्वक बाजूला ठेवली. नमुना फक्त चारचा होता, तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, आणि चारांपैकी एक खुद्द अध्यक्ष असल्याने त्यांना यशाचा पुरावा धरावे की नाही यावर एकमत झाले नाही. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी सांगितले की त्यांनी मुलाला तीन रात्रींत झोपायला शिकवले. तो मुलगा आता एकोणीस वर्षांचा असून दुपारी एकपर्यंत उठत नाही. पद्धतीचा परिणाम किती टिकाऊ असतो, हे यावरून लक्षात यावे. बाळाच्या डॉक्टरांनी बाळाला तपासले, ती दिवसाला पावणेचौदा तास झोपते हे ऐकले आणि बाळ उत्तम आहे असे सांगितले. (हे विधान समितीच्या कार्यकक्षेबाहेरचे असल्याने नोंदलेले नाही.) जाता जाता त्यांनी ताईकडे पाहून, "यांचं काय?" असे विचारले. अध्यक्षांनी त्यांना नम्रपणे आठवण करून दिली की रुग्ण बाळ आहे.

आठव्या दिवशी पहिल्या पद्धतीची चाचणी सुरू झाली. हिच्यात बाळाला जागेपणी खाटेत ठेवून दार ओढून घ्यायचे, आणि रडले तर आधी तीन, मग पाच, मग दहा मिनिटांनीच आत जायचे. बाळ किती वेळ रडते, ते मोजायचे होते. प्रत्यक्षात मोठी माणसे किती वेळ टिकतात, तेवढेच मोजता आले. आजी: चाळीस सेकंद. भाऊजी: एक मिनिट दहा सेकंद (त्यानंतर ते स्वतः बारा मिनिटे स्वयंपाकघरात बसून होते, डोळे लाल). मी: पूर्ण तीन मिनिटे, पण नाडीच्या ठोक्यांची नोंद एकशे अठ्ठावीस. ताईचे मोजमाप घेता आले नाही, कारण दार ओढण्याआधीच ती आत होती. दुसऱ्या रात्री बाळ चौथ्या मिनिटाला आपोआप शांत झाले. रडणे का थांबले हे पाहायला आम्ही चौघेही एकदम आत गेलो. त्यानंतर ते पन्नास मिनिटे थांबले नाही.

दुसरी पद्धत खुर्चीची. पालकाने खाटेशेजारी खुर्ची टाकून नुसते बसायचे, बोलायचे नाही, आणि रोज खुर्ची दीड फूट दाराकडे सरकवायची. अध्यक्षांनी ही जबाबदारी स्वतःकडे घेतली. पहिल्या रात्री ते सहा मिनिटांत झोपले. दुसऱ्या रात्री चार. चौथ्या रात्री खुर्ची बाहेरच्या बोळात पोचली, आणि तिथेही ते कोणाच्याही मदतीशिवाय, अंगाई न लागता, सलग पाच तास झोपले. बेचाळीस वर्षांच्या पुरुषांसाठी ही पद्धत शंभर टक्के यशस्वी ठरली. तिचा बाळावर काय परिणाम झाला ते सांगता येत नाही, कारण घोरण्याच्या आवाजात बाकीचे ऐकू येत नव्हते.

तिसरी पद्धत नित्यक्रमाची. रोज त्याच वेळी, त्याच क्रमाने, त्याच गोष्टी. नऊ पुस्तकांतल्या सगळ्या सूचना एकत्र करून मी चौदा पायऱ्यांचा क्रम बसवला: कोमट पाणी, तेल, कपडे, पडदे, दूध, पुस्तक, गाणे वगैरे, एकूण पंचाण्णव मिनिटे. बाळ चौथ्या पायरीला, म्हणजे पडदे ओढत असतानाच झोपले. अर्धवट क्रमावरून निष्कर्ष काढणे शास्त्राला धरून नसते. त्यामुळे पाचव्या पायरीसाठी तिला उठवावे लागले. सातव्या पायरीला ती पुन्हा झोपली, पुन्हा उठवली. चौदावी पायरी "बाळाला शांतपणे झोपू द्यावे" ही होती. ती पूर्ण व्हायला रात्रीचा दीड वाजला.

पंधराव्या दिवशी दुपारी ताई स्वयंपाकघरात दुधाच्या बाटल्या धूत होती. धुतलेली बाटली ती सवयीने खिडकीतल्या उजेडासमोर धरे आणि हळूच उलटी करे. मी टेबलाशी आदल्या रात्रीचे आकडे भरत होते.

"तुझ्या तक्त्यात किती रकाने आहेत गं?" तिने मागे न वळता विचारले.

"एकतीस."

"मी कुठल्या रकान्यात आहे?"

मी पाहिले. खोलीचे तापमान होते, बाळाची कूस होती, पडद्याची स्थिती होती, आवाजाच्या यंत्राचा क्रमांक होता. ताई चौदाव्या रकान्यात निघाली: "दूध (मिली)".

"रकाना वाढवते," मी म्हटले.

"रकाना नको," ती म्हणाली. "आत्ता या बाटलीत मला दोन कण दिसले. पुन्हा पाहिलं तर एकही नव्हता. मला नसलेले कण दिसायला लागलेत. कारखान्यात हे चालत नाही." मग तिने ती बाटली तिसऱ्यांदा धुतली.

समितीने या तक्रारीची तातडीने दखल घेतली. बत्तिसावा रकाना, "ताईची झोप", त्याच रात्रीपासून सुरू झाला. आठवण ताजी असतानाच माहिती घेतली तर ती जास्त विश्वसनीय असते, म्हणून मी रोज पहाटे पाच वाजता ताईला उठवून रात्री झोप कशी लागली, ते विचारत असे. उत्तरासाठी एक ते पाच असे गुण होते. तिसऱ्या पहाटे तिने "सव्वीस" असे उत्तर दिले. ते मी अपवादात्मक मूल्य म्हणून वगळले.

विसाव्या दिवशी संध्याकाळी मी निष्कर्ष मांडले. बाळाची झोप: पहिल्या दिवशी पावणेचौदा तास, पहिल्या पद्धतीत पावणेचौदा, दुसऱ्या पद्धतीत तेरा तास पन्नास मिनिटे, तिसऱ्या पद्धतीत पावणेचौदा (दिवसा भरून काढलेली धरून). फरक संख्याशास्त्रीय दृष्ट्या नगण्य. ताईची जाग: एका रात्रीत सरासरी आठ पूर्णांक सहा वेळा. कारणे पुढीलप्रमाणे. बाळ: एक पूर्णांक आठ. "झोपली का गं ती?" असे भाऊजींनी विचारणे: तीन. तक्ता भरायला आत जाणारी माझी विजेरी: दोन. अ‍ॅपने "आपले बाळ शांत झोपले आहे" असा संदेश घंटी वाजवून देणे: शून्य पूर्णांक आठ. पहाटेची प्रश्नावली: एक.

भाऊजींनी कागद हातात घेतला. ते सरळ माणूस आहेत आणि ताईवर त्यांचा जीव आहे. आकडा समजायला त्यांना वेळ लागला नाही.

"म्हणजे तिन्ही पद्धती कमी पडल्या," ते म्हणाले. "चौथी घ्यावी लागेल. आजच्या आज."

"अरे, पोर झोपलीय," आजी म्हणाल्या. "तुम्ही दोघं तोंड बंद ठेवलंत तर तुझी बायकोही झोपेल. उद्या परीक्षा आहे तिची."

अध्यक्षांनी या सूचनेला "तोंड बंद पद्धत" असे नाव देऊन ती रीतसर मतास टाकली. बाजूने एक, विरोधात एक, सचिव तटस्थ. मग तोंड बंद ठेवण्याचे फायदे आणि तोटे यांवर अडीच तास चर्चा झाली.

चर्चा सुरू असताना, नऊ वाजून पाच मिनिटांनी, आतल्या खोलीच्या दाराची कडी लागल्याचा आवाज आला. बाळाच्या खाटेवर लावलेल्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर आधी ताईचा हात दिसला, मग दुपट्याची किनार, मग काहीच नाही. आवाजाचे यंत्र दाराबाहेर ठेवलेले आढळले. नऊ पुस्तके त्याच्याखाली होती.

मी विजेरी आणि प्रश्नावली घेऊन दाराशी गेले. आतून काहीच ऐकू येत नव्हते. चार मिनिटे मी तिथे उभी होते. ठोठावले असते तर त्या रात्रीची ओळ भरता आली असती, आणि ओळ रिकामी राहणे मला आजवर कधी सहन झालेले नाही. आजी बोळातून आल्या. त्यांनी माझ्या हातातली विजेरी काढून घेतली, मग कागद, मग पेन्सिल.

"मावशीबाई," त्या म्हणाल्या, "हे मी ठेवते. तुम्हीपण आडव्या व्हा जरा."

(साधनसामग्री जप्त. पोच मिळाली नाही.)

त्या रात्रीच्या बत्तीसही रकान्यांत "माहिती उपलब्ध नाही" असे लिहिले आहे. सकाळी ताईने सांगितले की बाळ बहुधा दोनदा उठले, ती एकदाच, आणि दुसऱ्यांदा काय झाले ते तिला माहीत नाही. याला स्वतंत्र पुरावा नाही.

परीक्षेचा निकाल दुपारी कळला. सदोष बाटल्या वीस, सापडल्या एकोणीस. चांगल्या बाटल्या चुकून बाजूला काढल्या: एकही नाही. ताई सोमवारपासून आपल्या जागेवर बसली. भाऊजींनी याचे श्रेय तिन्ही पद्धतींच्या एकत्रित परिणामाला आहे असे वरच्या मजल्यावरच्या बाईंना सांगितले. आजींचे मत घेता आले नाही. त्या झोपल्या होत्या.

अर्थात, शास्त्रात यशस्वी रात्र वाया घालवता येत नाही. समितीने तिचे "कडी पद्धत" असे नामकरण करून सतरा पायऱ्यांची पुस्तिका तयार केली (परिशिष्टात कड्यांचे प्रकार सहा), आणि ती या अहवालासोबत मागेल त्याला पाठवायला सुरुवात केली. आतापर्यंत त्रेचाळीस घरांतून मागणी आली. प्रत्येकाला सोबत प्रश्नांची एक चिठ्ठीही पाठवली होती. एक्केचाळीस चिठ्ठ्या भरून परत आल्या. गोषवारा असा:

अहवाल वाचायला लागलेला सरासरी वेळ: अकरा मिनिटे. वाचायला सुरुवात केली तेव्हा बाळ झोपलेले होते: एक्केचाळीसपैकी अडतीस घरांत. वाचून संपले तेव्हाही झोपलेले होते: अडतीस घरांत. वाचन मध्येच टाकून स्वतः झोपी गेलेले: शून्य.

तुम्हीही इथपर्यंत आलात, म्हणजे आता बेचाळीसपैकी शून्य.