दिवेकर काकांचा दोन शब्दांचा शेरा

शास्त्रीनगरला आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या दिवेकर काकांना तुम्ही बेसनाचा लाडू दिलात, तर ते आधी त्यातली चिमूटभर मोडून तुमच्याच तळहातावर ठेवतात. "उगमावर करकपात," असं टीडीएसचं मराठी नाव गंभीरपणे सांगतात आणि मगच उरलेला खातात. बँकेतली बदली होऊन मी जयपूरला आले त्याच दिवशी हे घडलं. ती चिमूट आपण खायची की सरकारजमा करायची, हे मला अजून कळलेलं नाही.

काका मूळचे साताऱ्याचे, आयकर खात्यातून निवृत्त झालेले. "कलमात बसतंय का?" हा त्यांचा लाडका प्रश्न. भाजीवाल्याने कोथिंबीर फुकट घातली तरी ते विचारतात, "भैया, ये कलम में बैठता है क्या?" तो बिचारा 'बैठता' एवढंच ऐकून स्टूल पुढे करतो.

उभी हयात फायलींवर शेरे मारण्यात गेल्यामुळे त्यांचा मेसेज दोन शब्दांपलीकडे जात नाही. काकू गेल्या तेव्हा मला फोनवर आलं होतं, "सौ. गेली." मी हादरले आणि तशीच अनवाणी जिना चढले.

त्यांचा मुलगा मिहिर जयपुरातच वाढलेला. मराठी बोलतो, पण अडखळत, आणि वाक्यावाक्याला 'मतलब' लागतं. जयपूरच्याच सोडाला भागात त्याची छोटी कंपनी होती. क्रिप्टोची, म्हणजे आभासी नाण्यांची, खरेदी-विक्री करणाऱ्यांसाठी ती सॉफ्टवेअर बनवायची. मग कायदा आला. नफ्यावर तीस टक्के कर, प्रत्येक विक्रीला एक टक्का कपात, आणि एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करायची सोय नाही. काका खूश झाले. आठवडाभर त्यांनी मला ते कलम आरतीसारखं म्हणून दाखवलं.

लोकांनी नाणी सोडली नाहीत, फक्त परदेशी बाजारात नेली. मिहिरची गिऱ्हाइकं गेली, पैसा लावणारे दुबईला गेले आणि त्यालाही तिकडे बोलावू लागले. त्याने बापाला मेसेज केला, "बाबा, दुबईचं काय करू? फायनल सांगा." काकांनी शेरा मारला, "इथेच कर." मिहिरचं उत्तर आलं, "समजलं बाबा. थँक यू." आणि पंधरा दिवसांत तो दुबईला गेला.

काकांना जबर धक्का बसला. थँक यू म्हणून पोरगा नाकावर टिच्चून निघून गेला, असं म्हणत त्यांनी तो मेसेज मला वीसेक वेळा तरी दाखवला असेल. तीन वर्षं मिहिरचा फोन आला की ते दोन शब्द बोलून माझ्या हातात देत. त्याने तिकीट पाठवलं, तेही परत केलं. मला त्यांचा रागही यायचा आणि कीवही.

परवा मिहिर आला. मी वर दोघांसाठी चहा घेऊन गेले होते. न राहवून मी विचारलं, वडील नको म्हणत असताना गेलास कसा? तो माझ्याकडे बघतच राहिला.

"नको कुठे? बाबांनीच तर लिहिलं होतं, इथेच कर. मतलब, टॅक्स इथेच आहे, तिकडे नाही. पूर्ण जिंदगी त्या खात्यात काढलेला माणूस जा म्हणतोय, म्हणून हिंमत झाली. नाहीतर बाबांना सोडून मी गेलो नसतो."

काकांचा चेहरा पांढरा पडला होता. एका शब्दापायी तीन वर्षं गेली होती. मी खुलासा करायला तोंड उघडलं, तेवढ्यात काकांनी हात वर केला.

"बरोबर वाचलंस," ते मिहिरला म्हणाले.

मग मी कप ठेवायला आत गेले, तेव्हा साखर आणायच्या निमित्ताने ते माझ्यामागे स्वयंपाकघरात आले. साखरेचा डबा उघडला.

"त्याला सांगू नकोस," ते हळूच म्हणाले. "तीन वर्षं पोरगं तिथे एकटं राहिलं, ते बाप पाठीशी आहे म्हणून. ते आता कसं काढून घेऊ?"