सापडल्यास पोहोचवावे

रसूलभाईंच्या तांब्यावर त्यांचा पूर्ण पत्ता होता. भांड्यांवर नाव घालण्याची रीत सगळीकडेच आहे. आमच्या घरातल्या निम्म्या भांड्यांवर माझ्या सासऱ्यांचं नाव आहे. पण रसूलभाईंच्या तांब्यावर नाव, गल्ली, मुरुम, तालुका उमरगा, जिल्हा उस्मानाबाद आणि खाली ‘सापडल्यास पोहोचवावे’ एवढा मजकूर होता. तोच मजकूर छत्रीवर, कंदिलाच्या बुडाला आणि दोन्ही चपलांवर. एका चपलेवर लिहून भागलं नसतं का, असं मी एकदा विचारलं.

“दोन्ही संगटच हरवतील ह्याची काय ग्यारंटी, सेक्रेटरीसाब?”

ते आमच्या पेठेतल्या एका आडतीवर पोत्यांवर मार्का मारायचे. अक्षरं कापलेला पत्रा पोत्यावर ठेवायचा आणि वरून काळ्या रंगाचा ब्रश फिरवायचा. माल कुणाचा, कुठला आणि पोतं रिकामं झाल्यावर परत कुठं धाडायचं, हे सगळं पोत्यावर आलं पाहिजे. “बिनपत्त्याची चीज यतीम असती,” म्हणजे पोरकी असते, हे त्यांचं पालुपद होतं. एकदा त्यांनी शेजारणीच्या बकरीच्या पोटावरही पत्ता रंगवला. शेजारीण आठवडाभर बोलली नाही. पुढं ती बकरी खरंच हरवली, तेव्हा आळंदकडचा एक कानडी शेतकरी वाटेतल्या लोकांकडून बकरीचं पोट वाचून घेत घेत तिला मुरुमला घेऊन आला. त्यानंतर रसूलभाईंना कुणी काही समजावण्याच्या भानगडीत पडलं नाही.

मी पेठेतल्या व्हॉलीबॉल मंडळाचा सेक्रेटरी. याद्या करणं, माणसं वेळेवर हजर करणं, जाळी घडी घालून ठेवणं ही माझी कामं. संस्थान विलीन होऊन काही वर्षं झाली होती. उस्मानाबादच्या सामन्यांना बाहेरचे संघ छातीवर नाव छापलेले शर्ट घालून येत आणि आमचे लोक कुणी बनियनवर, कुणी लग्नातल्या सदऱ्यात. त्या साली आम्हीही शर्ट छापून घ्यायचं ठरवलं. सोलापूरला एकजण चौकटीवर रेशमी जाळी ताणून तिच्यातून कापडावर शाई उतरवायचा. रसूलभाई आडतीच्या मालाबरोबर सोलापूरला निघालेच होते, म्हणून काम त्यांच्यावर सोपवलं. मी चिठ्ठी दिली: खेळाडूंचे, माझा आणि तुमचा एक असे शर्ट, मापं अशी, कापड पांढरं, शाई निळी, छातीवर ‘मुरुम व्हॉलीबॉल मंडळ’. पाठीबद्दल काही लिहिलं नाही, कारण पाठीवर काही छापायचंच नव्हतं. पण पोत्यांवर मार्का मारणाऱ्या माणसाला रिकामी बाजू म्हणजे राहून गेलेलं काम, हे माझ्या ध्यानात आलं नाही.

ट्रकचा खोळंबा झाला आणि रसूलभाई गठ्ठा घेऊन थेट उस्मानाबादच्या मैदानावरच उतरले. घाईघाईत शर्ट वाटले. छातीवरची अक्षरं झकास उठली होती. आमचे लोक ऐटीत मैदानात शिरले आणि त्यांची पाठ आमच्याकडे झाली.

गाव, तालुका, जिल्हा. सापडल्यास पोहोचवावे.

आधी एकजण हसला. मग कुणीतरी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. “माल आला, माल आला, हमाल बोलवा,” असा पुकारा झाला. आमचा खेळाडू चेंडू आणायला लांब पळाला की लोक म्हणत, जाऊ द्या, पत्ता हाय, कुणीबी आणून घालंल. आमचा कप्तान शिवाप्पा, कापडदुकानवाला, कानशिलापर्यंत लाल झाला. त्यानं शर्ट उलटा करून घातला. शाई कापडातून आरपार उतरली होती. आता तेच सगळं उलट्या अक्षरांत दिसू लागलं. शेवटी सगळ्या खेळाडूंनी शर्ट काढून फेकले. सामना हरलोच. मी खाली मान घालून बसलो होतो, कारण माझ्या पाठीवरही तेच होतं.

रसूलभाई मैदानाच्या कडेनं शर्ट गोळा करत, धूळ झटकत फिरत होते. परतीच्या एसटीत त्यांच्या शेजारी कुणी बसलं नाही. “पोती केली आमची ह्या माणसानं,” शिवाप्पा त्यांना ऐकू जाईल असं म्हणाला.

शर्ट रंगाऱ्याकडे देऊन काळे करायचं ठरलं. ते सांगायला मी सकाळी त्यांच्या खोलीवर गेलो. शर्ट धुऊन, घड्या घालून ठेवले होते. ते माझ्याकडे बघेनात.

“काळाच रंग द्या. काळ्यात समदं बुडतंय,” ते म्हणाले. “एक अर्ज हाय. कॉलरच्या आत बारीक लिवू का? कुनाला दिसणार न्हाय. पुन्यांदा शरमिंदा न्हाय करणार तुमाला.”

मी वैतागलो होतो. म्हणालो, रसूलभाई, अंगात घातलेला शर्ट हरवतो कसा?

“शर्टाचं कोन बोलतंय?”

त्यांनी वरच्या शर्टाची घडी मोडून पुन्हा घातली.

“पोलीस ॲक्शनच्या साली धाकटा भाऊ बेंबळीला गाडी घेऊन गेला. महेबूब. आला न्हाय. कुनाला तरी घावला असंल की. भली मानसं बी असत्यात. पन आनायचं कुठं, त्यास्नी काय ठावं?”

आदल्या दिवशी मैदानावर आली होती ती शरम ह्यापुढं काहीच नव्हती. मी खाली बसलो, वरचा शर्ट उचलला आणि कॉलर उलटी करून त्यांच्यापुढं धरली. शिवाप्पाचं नाव सांगितलं, त्याच्या बापाचं सांगितलं, गल्ली सांगितली. त्यांनी बारीक ब्रशनं, रंगाऱ्याच्या काळ्यातही न बुडणाऱ्या तेलरंगात लिहिलं. एकेक शर्ट करत सगळे झाले. त्यांचा स्वतःचा शर्ट मात्र त्यांनी बाजूला सारला.

“तुमचा राहिला.”

“माझ्यावर काय लिवू? गल्ली हाय, पन दार उघडाया कोन हाय?”

मी माझं नाव सांगितलं. माझी गल्ली सांगितली.

त्यांनी शर्ट जवळ ओढला, पण ब्रश टेकवला नाही. “वहिनीसाबला इचारलं का?”

“लिहा,” मी म्हणालो.