मैत्रीचा मध्यबिंदू

या, असे जवळ सरकून बसा, बाबांनो, आणि मन इकडे द्या. दोन देशांच्या मैत्रीची गोष्ट सांगतो. दोघांच्या मध्ये दोन समुद्र होते, म्हणून त्यांचं कधी भांडण झालं नव्हतं. हे संबंध आणखी दृढ करायचं ठरलं आणि काम आपल्या शिष्टाचार अधिकाऱ्याकडे आलं. माणूस देवभोळा, पापभीरू; मानापमानाच्या बाबतीत मात्र आपल्यासारखाच काटेकोर.

प्रश्न साधा होता. दोन देशांच्या मंत्र्यांपैकी भेटीच्या दालनात आधी कोणी शिरायचं? आधी शिरेल तो वाट पाहणारा ठरणार, आणि वाट पाहणारा म्हणजे लहान. दोघांनी एकाच वेळी शिरावं, असा तोडगा निघाला. पण दालनाला दार एकच. तेव्हा मैत्रीच्या व्यापक हितासाठी समोरची भिंत फोडून दुसरं दार काढण्यात आलं. छत त्याच भिंतीवर उभं होतं, हे मागाहून कळलं. छताला टेकू दिला, तो नेमका मध्यबिंदूवर आला. अखेर दोन्ही मंत्र्यांनी टेकूच्या आडून हात घालून हस्तांदोलन केलं. फोटोत टेकू तेवढा स्पष्ट आला. त्याखाली अधिकाऱ्याने लिहिलं, ‘उभय राष्ट्रांच्या मैत्रीचा आधारस्तंभ’, आणि शाबासकी मिळवली.

छाती फुगवून घरी आला, तर बायको दारातच.

"दादांचं उद्या हृदयाचं ऑपरेशन आहे. वर जाऊन भेटून या."

थोरला भाऊ वरच्याच मजल्यावर राहायचा.

"मागच्या वेळी मी गेलो होतो. आता पाळी त्याची."

"अहो, डॉक्टरांनी त्यांना जिना बंद केलाय."

"म्हणून तर सवलत देतोय. मधल्या वळणापर्यंत मी जाईन."

गेलाही. वळणावर उभा राहून हाक मारली, "दादा, मी निघालोय. तूही निघ."

वरून धापा टाकत आवाज आला, "अरे वेड्या, दार उघडंच आहे. ये की."

"दारापर्यंत तरी ये. मग बघू."

दार तसंच उघडं राहिलं आणि हा खाली परतला.

सकाळी दादाला स्ट्रेचरवरून खाली आणलं. वळणावर स्ट्रेचर वळेना, म्हणून उचलणारे थांबले. आपला अधिकारी तिथंच उभा होता. उभय पक्ष, एकाच वेळी, मध्यबिंदूवर. त्याने हात पुढे केला. दादाचे हात पट्ट्यांत बांधलेले होते.

"आलो बघ," दादा म्हणाला. "आता पाळी तुझी."

अधिकारी अनवाणीच स्ट्रेचरमागे धावला. पण ऑपरेशनच्या खोलीलाही दार एकच होतं, आणि त्यातून दादा एकटाच आत गेला. भिंत फोडायला तिथं परवानगी नव्हती.

हसलात ना? आपल्या माणसांत शेवटचा फोन कोणी केला होता, हे तुम्हालाही पाठ आहे आणि मलाही. दादा अजून बाहेर यायचा आहे. तोवर एवढं करा: आपल्या माणसाचा जिना चढताना मधल्या वळणावर या अधिकाऱ्याची आठवण काढा, आणि तिथं थांबू नका.