बिवलकरकाकांची थंड वाळू

हे लिहायला बसलो खरा, पण तुला हा अधिकार कुणी दिला असं विचारलंत तर ते रास्तच आहे. आमच्या घरात आजवर जे काही लिहिलं गेलं ते वडिलांनी, शिलाईच्या दुकानात, गिऱ्हाइकांच्या मापांच्या चिठ्ठ्यांवर. छाती, कंबर, बाही. कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळे एका जिवंत माणसाचं माप शब्दांत घ्यायचं म्हटल्यावर टेप कुठून धरायची तेच कळत नाही. कुठे सैल झालं, कुठे घट्ट झालं, तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. आणि खुद्द बिवलकरकाकांनी हे वाचलं, तर कृपा करून मला फोन करू नये.

बिवलकरकाका भर जुलैत गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडायचे.

शारजात, रोला नावाच्या वस्तीत, आमच्या बिल्डिंगमागच्या कच्च्या पार्किंगमध्ये. इथे उन्हाळ्यात सकाळी हवा इतकी दमट असते की गाड्यांच्या काचांवर बाहेरून पाणी साचतं. ते पाणी म्हणजे बर्फ असं मानायचं, डोक्याला लोकरीची कानटोपी आणि हातात मोजे घालायचे, आणि प्लॅस्टिकची पट्टी घेऊन काच वरून खाली खरवडायची, असा त्यांचा नेम होता. घामाची धार कानटोपीतून निघून कॉलरमध्ये शिरायची.

"काका, उकडत नाही का?" मी एकदा विचारलं.

"उकडतंय ना! पण प्रॅक्टिस आधी करायची असते. ऐन बर्फात प्रॅक्टिसला टाइम कुठे मिळतो? लॉजिक समजून घे."

"लॉजिक समजून घे" हे त्यांचं आवडतं वाक्य. समोरच्याला ते कधीच समजायचं नाही आणि काकांना त्याचं वाईट वाटायचं नाही. आयुष्यभर त्यांनी एसीच्या कंपनीत स्टोअर सांभाळलं होतं, म्हणून थंडीबद्दलचा शेवटचा शब्द आपला, असं त्यांचं मत होतं. बर्फ त्यांनी फ्रीजबाहेर कधी पाहिला नव्हता. पण त्यांचा सिद्धान्त तयार होता. "बर्फ म्हणजे काय रे? थंड वाळू. आणि वाळूत गाडी घालून आपल्याला वीस वर्षं झाली."

गाडी तितकीच जुनी. चौकोनी, चॉकलेटी, मागच्या चाकांवर चालणारी. आजकालच्या गाड्या पुढच्या चाकांनी ओढल्या जातात, याचा त्यांना मनापासून राग होता. "पुढून ओढतात ती हातगाडी. खरी गाडी मागून ढकलली पाहिजे. मागचं चाक ढकलतं, पुढचं चाक फक्त कुठे जायचं ते ठरवतं." असं म्हणून ते डिकीवर थाप मारायचे, आणि डिकी उघडायची.

पण या सगळ्याला कारण होतं, आणि ते कॅनडात राहत होतं.

काकांचा मुलगा केदार इथेच वाढला. दुबई सिलिकॉन ओएसिस या आयटी कंपन्यांच्या वसाहतीत नोकरीला होता. दोन हजार आठच्या शेवटी सगळीकडे माणसं कमी करायला लागले, त्यात त्याचंही नाव आलं. त्या दिवशी जेवताना काका त्याला म्हणाले, "कामात दम असता तर काढलं नसतं." केदार ताटावरून उठला. थोड्याच महिन्यांत तो कॅनडाला गेला आणि फोन करायचा तो फक्त आईला. पुढे काकांच्या कंपनीतही निम्मी माणसं घरी गेली, आणि त्यांतली बरीचशी काकांपेक्षा दमाची होती. तेव्हा काकांना आपलं वाक्य आठवलं असणार. पण बिवलकरकाका आणि "माझं चुकलं" हे शब्द एका खोलीत कधी आलेले कुणी पाहिले नाहीत.

मग एक दिवस काकू म्हणाल्या, "अहो, केदारने जुनी गाडी घेतलीय म्हणे. तुमच्यासारखीच, मागच्या चाकांची."

काकांनी फोन हातातून ओढून घेतला. कित्येक महिन्यांनी मुलाशी बोललेलं पहिलं वाक्य होतं, "बर्फात मागून घसरेल ती. डिकीत वजन टाक."

पलीकडून केदार म्हणाला, "ओके, बाबा. हाउ मच?"

त्या "हाउ मच"वर काका पुढची काही वर्षं जगले.

त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. अशा गाडीचा मागचा भाग हलका असतो, चाकं जागच्या जागी फिरतात. डिकीत वाळूच्या पिशव्या ठेवल्या की चाकं जमीन धरतात, आणि गाडी अडकलीच तर तीच वाळू चाकाखाली टाकता येते. हे मी कॉलेजच्या लायब्ररीत नेटवर वाचून त्यांना मराठीत सांगितलं होतं. पण काका कुठलीही गोष्ट स्वतः करून पाहिल्याशिवाय मुलाला सांगायचे नाहीत. म्हणून माझ्या वडिलांनी जाड कॅनव्हासच्या चार पिशव्या दुहेरी टीप मारून शिवल्या. पार्किंगमधली वाळू काकांना चालेना. "त्यात मांजरांनी काय काय केलंय!" मग शेजारच्या उम्म अल कुवैनच्या किनाऱ्याची वाळू ठरली. ती काकूंच्या रव्याच्या चाळणीतून चाळून घेतली. काकूंनी पुढे वर्षभर शिरा केला नाही.

ती वाळू घेऊन येताना आम्हाला पोलिसाने थांबवलं, कारण गाडीचं बूड जमिनीला टेकत होतं आणि नाक वर आकाशाकडे होतं. त्याने डिकी उघडायला लावली.

"व्हॉट इज धिस, हबीबी?"

"सँड," काका म्हणाले.

पोलिसाने रस्त्याच्या डावीकडे पाहिलं. वाळू. उजवीकडे पाहिलं. वाळू. मग पुन्हा डिकीत पाहिलं.

"व्हाय?"

"फॉर स्नो."

पोलिसाने वर आकाशाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, फार सहानुभूतीने. "खलास. यल्ला, गो."

"बघ," काका गाडी सुरू करत म्हणाले, "त्याला लॉजिक समजलं."

बिल्डिंगमधले लोक त्यांना हसायचे. पण हसणं फार टिकलं नाही. कारण मंदी. ज्या टॉवरचा अजून खड्डाच खणलेला होता, त्याच्या बाविसाव्या मजल्यावर आमच्या दोन शेजाऱ्यांचे फ्लॅट होते. तो खड्डा तसाच राहिला आणि आमच्या बिल्डिंगने एकजुटीने कॅनडाचे अर्ज भरले. काल लिफ्टमध्ये काकांना बघून गालात हसणारे लोक आज विचारायला लागले, "काका, ते बर्फाचं जरा सांगा ना." एका शुक्रवारी पार्किंगमध्ये काकांचं व्याख्यान ठेवलं. सतरंजी, नारळ, बटाटेवडे, सगळं व्यवस्थित.

काकांनी कानटोपी घालून गाडी दुसऱ्या गिअरमध्ये कशी हलवायची, पेडलवर पाय कसा हळू ठेवायचा हे दाखवलं. "पायाखाली अंडं आहे असं समजा." पहिल्या रांगेतल्या वहिनींनी लिहून घेतलं: अंडं.

मग प्रश्नोत्तरं. तिसऱ्या मजल्यावरच्या जोशींनी गंभीरपणे विचारलं, "बर्फात एसी कितीवर ठेवायचा?"

काकांनी कानटोपी सरळ केली. थंडी हा त्यांचा धंदा होता. "एकवर. मोडायला नको सवय."

सगळ्यांनी माना डोलावल्या. तेवढ्यात जोशींचा सात वर्षांचा मुलगा उठला. "अंकल, हॅव यू एव्हर सीन स्नो?"

"बेटा, तू वाघ पाहिलायस?"

"नो."

"तरी घाबरतोस ना? तसंच आहे ते."

टाळ्या पडल्या. पण प्रश्न काकांना लागला असावा. पुढच्याच शुक्रवारी ते मला घेऊन दुबईतल्या एका मॉलमध्ये गेले, जिथे काचेच्या आड खोटा बर्फ पाडून ठेवलेला असतो.

"सत्तर दिरहम! म्हणजे नऊशे रुपये! नऊशे रुपये देऊन हुडहुडी विकत घ्यायची?" असं म्हणत त्यांनी दोन तिकिटं काढली. आत गेल्यावर डब्याच्या पिशवीतून त्यांनी जुन्या टायरचा कापलेला तुकडा बाहेर काढला आणि गुडघ्यांवर बसून बर्फावर दाबायला लागले. तिथली फिलिपिनो मुलगी धावत आली. "सर, सर! नो टायर, प्लीज!"

टायर गेला. मग काकांनी बर्फ मुठीत घेतला आणि दाबला. मूठ उघडली तर हातात पाणी. ते त्याच्याकडे बघत राहिले.

"वाळू असं करत नाही रे," ते हळूच म्हणाले. "यावर पोरगं गाडी चालवतं?"

परतताना ते एकदाही लॉजिकबद्दल बोलले नाहीत.

त्यानंतरच्याच आठवड्यात काकूंनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. हातावर लाडू ठेवला आणि दार लोटून घेतलं. "कुणाला सांगू नकोस. केदारने ती गाडी पहिल्याच थंडीत विकली. परवडत नव्हती. बसने जातो."

"पण तो तर दर आठवड्याला काकांशी गाडीवरच बोलतो!"

"मग आणखी कशावर बोलणार? हवापाण्यावर दोघं दोन मिनिटं टिकत नाहीत. गाडी आहे म्हणून बोलणं आहे. तू ह्यांना काही कळू देऊ नकोस हं."

मी शब्द दिला. मला खोटं लपवता येत नाही, त्यामुळे काका दिसले की मी कॉलेजची पुस्तकं तोंडासमोर धरायला लागलो. एका संध्याकाळी त्यांनी मला पार्किंगमध्ये गाठलंच. गाडीला टेकून ते केदारशी बोलत होते.

"टायरचा साइज सांग बघू. हां... एकशे पंच्याण्णव, पासष्ट, पंधरा. बरं, बरं. हवा कमी करू नकोस. तो आपला कॉलेजवाला म्हणतो, बर्फात करायची नसते." फोन ठेवून ते माझ्याकडे वळले. "गेल्या महिन्यात शेवटचा आकडा चौदा सांगितला होता. त्याच्या आधी सोळा."

मी पुस्तक तोंडासमोर धरलं.

"थंडीने रबर आकसतं हे ऐकलंय. पण महिन्याला एक इंच आकसतं-फुगतं का रे?"

मी पान उलटलं. त्यांनी हसायचा प्रयत्न केला, तो नीट जमला नाही. मग डिकीवर हात ठेवून म्हणाले, "गाडी नाहीये त्याच्याकडे. असती तर पोराने खाली वाकून बघून सांगितलं असतं. पण फोन करतो. दर आठवड्याला आठवणीने काहीतरी बिघाड शोधून काढतो. तू काकूला बोलू नकोस, तिला वाटतं गाडी आहे."

मी दुसरा शब्द दिला. कॅनडात नसलेल्या त्या गाडीची इतकी काळजी शारजात घेतली जात होती की खरी असती तर लाजली असती. मागची काच गोठली, वायपर चिकटला, चढावर घसरली. काका प्रत्येक बिघाड आधी आपल्या गाडीवर करून बघायचे आणि मगच उपाय सांगायचे.

असे काही हिवाळे गेले. मंदी ओसरली म्हणतात, पण काकांच्या कंपनीला ते कुणी कळवलं नसावं. शेवटी ती बंद पडली. व्हिसा संपत आला, पुण्याला परतायचं ठरलं. मला वाटायचं, गाडी गेल्यावर हा माणूस फोनवर कुठला बिघाड दुरुस्त करणार? ही भीती त्यांच्याही चेहऱ्यावर दिसायची. विकत घेणारा माणूस दोनदा येऊन गेला, दोन्ही वेळा काकांनी त्याच्याशी मुद्दाम भांडण काढलं. तिसऱ्यांदा सौदा झाला.

गाडी द्यायच्या दिवशी संध्याकाळी आम्ही पिशव्या रिकाम्या करत होतो. काकू पायरीवर बसून दोऱ्या सोडत होत्या. वडिलांची दुहेरी टीप इतक्या वर्षांत एका टाक्यानेही उसवली नव्हती. दोन पिशव्या ओतून झाल्या आणि काकांचा फोन वाजला. हात वाळूने भरलेले, म्हणून त्यांनी स्पीकर लावला.

"बाबा," केदार म्हणाला. मागे वाऱ्याचा आवाज होता. "आय बॉट अ कार."

मग आधीची कुठे गेली, असं काकूंनी विचारलं नाही. काकांनीही नाही.

"कुठली चाकं?" काकांनी विचारलं.

"मागची. एव्हरीवन हिअर थिंक्स आय ॲम मॅड."

काका खाली बसले. वाळूतच. "टायरचा साइज वाच."

"वेट, बाबा. बर्फाखाली आहे." मग हातमोज्याने काहीतरी घासल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. खरवडल्यासारखा. "दोनशे पाच. पंचावन्न. सोळा."

काकांनी मला हातानेच खूण केली की तिसरी पिशवी राहू दे.

"परत वाच."

"दोनशे पाच, पंचावन्न, सोळा. व्हाय?"

"काही नाही," काका म्हणाले. "ऐकू येत नव्हतं नीट."