आलोचशेठची वर जाणारी खुर्ची

एका दाढीत सलूनवाला तीनदा आत लघवीला जाऊन यायचा. तोंडाला फेस फासलेल्या गिऱ्हाइकाला दर वेळी “आलोच हं” म्हणायचा, म्हणून गल्लीत त्याचं नावच आलोचशेठ पडलं. दोन पावलं उशीर झाला तर घात होई, त्यासाठी टॉवेलांच्या खणात एक जादा पँट ठेवलेली असे. गिऱ्हाइकं मात्र तुटायला लागली होती.

डॉक्टर म्हणाले, “मूत्राशय शांत करायला घोट्याजवळच्या नसेला यंत्राने बारीक झटके द्यायचे. रोज अर्धा तास, बारा आठवडे.”

“गुण येतो का?”

“निम्म्याहून जरा जास्त लोकांना येतो.”

“आणि बाकीच्यांना?”

“त्यांच्यासाठी पुढचे उपाय आहेत. ते महाग.”

हे यंत्रच कुठे स्वस्त होतं? दुसऱ्या खुर्चीसाठी साठवलेले पैसे त्यात गेले, आणि बायकोने ते ऐकवलंही. “एका जागी बसून लावायला सांगितलंय. तुम्ही बसता कधी?”

“दुकानात लावतो. हात रिकामे नसले तरी पाय रिकामेच असतात.”

दहाव्या आठवड्यात मोठ्या हॉटेलचे मॅनेजर आले. हॉटेलात सलून काढायचं होतं. स्वतः दाढी करून घेऊन माणूस ठरवणार होते. आलोचशेठने आधीच दोनदा आत जाऊन घेतलं, पँटखाली यंत्र बांधलं आणि आज दगाफटका नको म्हणून बटण दोन घरं पुढे सरकवलं. एरवी नुसता अंगठा उडे, आता अख्खं पाऊल उडायला लागलं, आणि सवयीने ते खुर्ची वर चढवायच्या पायपट्टीवर होतं.

“खुर्ची वर जातेय का हो?” मॅनेजरांनी विचारलं.

“रेलून बसलात ना, म्हणून तसं वाटतं.”

खाली आणायला पट्टी दाबून धरावी लागे. तो धरायला जाई, पाऊल उडे आणि खुर्ची आणखी चार बोटं चढे. वाकून यंत्र बंद करावं तर वस्तरा गळ्यावर. शेवटी बादली उपडी घालून तो तिच्यावर उभा राहिला. वर मॅनेजर चुळबुळत होते. पायावर पाय टाकत, काढत, खुर्चीचे हात घट्ट धरत होते. नोकरी गेलीच, असं आलोचशेठच्या मनाने घेतलं.

“मला खाली उतरवा.”

“एकच गाल राहिलाय साहेब.”

“गाल राहू द्या. तुमच्याकडे आत सोय कुठे आहे?”

आलोचशेठने वस्तऱ्यानेच दार दाखवलं. मॅनेजरांनी गळ्यातल्या कापडासकट उडी मारली आणि पळाले.

बादलीवर उभ्या उभ्या आलोचशेठने घड्याळ पाहिलं. पाऊण तास झाला होता, आणि त्याला आत जायची आठवणसुद्धा झाली नव्हती. त्याला रडूच आलं. गुण आला होता आणि हॉटेल गेलं होतं.

बऱ्याच वेळाने मॅनेजर बाहेर आले. ओल्या पँटवर पाणी सांडल्यासारखं दाखवायला त्यांनी शर्टही ओला करून घेतला होता. आलोचशेठने खणातली पँट पुढे केली. ती घेताना त्यांना त्याच्या घोट्याची वायर दिसली.

“हे काय?”

आलोचशेठने सगळं सांगितलं, किंमतही. मॅनेजरांनी वाकून यंत्र नीट पाहून घेतलं.

“उद्यापासून या कामाला,” ते हळूच म्हणाले. “सकाळी अर्धा तास यंत्र माझ्या पायाला राहील.”