मेन आणि नेब्रास्का सोडून

अमेरिकेत निवडणुकीचा निकाल लागायचा असला, की इथे आखातात आमच्या अब्बासियातले कासमभाई ऑफिसात पोटदुखीची रजा टाकतात. अमेरिकेत त्यांचं कुणी नाही. माणूस मूळचा रायगड किनाऱ्यावरचा. बायकामुलं गावी, आणि हे इथे एका कंपनीच्या स्टोअरमध्ये नटबोल्ट सांभाळत आमच्याच इमारतीत एकटे राहतात. पण पन्नास राज्यं आणि प्रत्येकाची मतं किती, हे त्यांना झोपेतून उठवून विचारा. मला माझ्या नणंदांच्या मुलांची नावंसुद्धा धड आठवत नाहीत.

ते समजावायला लागले की सुटका नाही. मी भाजीची पिशवी धरून जिन्यात उभी, आणि हे सुरू! "वहिनी, तिथे राष्ट्राध्यक्षाला थेट निवडत नाय. राज्य जिंकायचं. एका मताने जिंकलं तरी त्या राज्याची सगळी मतं खिशात. मेन आणि नेब्रास्का सोडून."

ती दोन राज्यं म्हणे आपली मतं वाटून देतात. देईनात का बापडी! पण कासमभाईंच्या जिभेला ते शेपूट कायमचं चिकटलं. "लिफ्ट सगळ्यांसाठी चालू झाली, मेन आणि नेब्रास्का सोडून," म्हणजे ती पाचव्या मजल्यावर थांबत नाही. "सगळे नवरे बायकोचं ऐकतात वहिनी, मेन आणि नेब्रास्का सोडून," म्हणजे माझा. आणि यात खोटं काही नव्हतं.

तिथल्या दोन पक्षांना ते चिन्हांवरून हत्तीवाले आणि गाढववाले म्हणतात. मी विचारलं, "अहो, दोनच का?"

"पहिला आला तोच सगळं नेतो ना! तिसऱ्याला मत दिलं तर ते पाण्यात जाणार, वर आपल्याच जवळच्याचं नुकसान. मग लोक मुकाट दोघांतला एक धरतात."

शेजारच्या कुलकर्णीवहिनींची मुलगी बारावीला. त्यांनी आमच्या बोलण्यातलं 'इलेक्टोरल कॉलेज' एवढंच ऐकलं आणि काळजीने विचारलं, "तिथे ॲडमिशनला किती लागतात हो?"

"दोनशे सत्तर!" कासमभाई म्हणाले. जिंकायला तेवढी मतं लागतात. पण त्या बाई चेहरा पाडून घरात गेल्या.

इमारतीतल्या मराठी मंडळींचं वर्षाचं जेवण ठरत होतं. बिर्याणी की मसालेभात, यावर जुंपली. कासमभाई म्हणाले, मतदान घ्या, पण अमेरिकेसारखं. आपली मंडळी राहतात ते तीन मजले म्हणजे तीन राज्यं, प्रत्येकी पाच माणसं. पहिल्या मजल्याने पाचही मतं बिर्याणीला दिली. वरच्या दोन्ही मजल्यांवर तिघांनी मसालेभात म्हटलं, दोघांनी बिर्याणी. दोन राज्यं जिंकून मसालेभात निवडून आला!

वाढताना माझं डोकं तापलं. "नऊ जणांना बिर्याणी हवी, सहा जणांना मसालेभात, आणि ताटात काय? मसालेभात! ही कुठली लोकशाही?"

"अगदी बरोबर झालं! तिथेपण कधी कधी जास्त मतं एकाला आणि खुर्ची दुसऱ्याला." त्यांचा चेहरा खुलला होता. त्यांनी स्वतः बिर्याणीला मत दिलं होतं.

"इतकं कळतं, तर स्वतः कधी मत दिलंय का हो?" मी फटकन बोलून गेले.

त्यांच्या हातातला डाव थांबला. "आमच्या घरातल्या सगळ्यांनी दिलंय. मेन आणि नेब्रास्का सोडून." ते हसले, पण हसू टिकलं नाही. "विसाव्या वर्षी इथे आलो. इथे आपण परदेशी, मत नाय. गावी निवडणूक असते तेव्हा रजा नाय. तीस वर्षं झाली वहिनी. 'तुला कोण पाहिजे,' असं मला कुणी एकदाही विचारलं नाय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कशाला तोंड उघडलं!

यंदा मात्र त्यांची रजा आणि गावची विधानसभेची निवडणूक जुळून आली. त्यांनी पासपोर्टची कॉपी जोडून मतदारयादीत नाव घालायचा फॉर्म पाठवला, तिकीट काढलं. मग यादी आली. गावाहून बायकोने बघितली, मीही फोनवर बोट सरकवत त्यांच्या आळीतलं घरन्‌घर तपासलं. बायकोचं नाव होतं, दोन्ही मुलांचं होतं. यांचं नव्हतं. कासमभाईंनी अमेरिकेचं नाव काढणं बंद केलं. जिन्यात भेटले की नुसते "हं" म्हणायचे. "जाऊन तर बघतो," म्हणून विमानात बसले. मतदानाच्या दिवशी माझं कशात लक्ष लागेना. दोनदा भात करपला.

दुपारी फोन आला. "वहिनी! शेवटच्या पानावर होतो! परदेशातल्यांची नावं यादीत सगळ्यात शेवटी असतात म्हणे. तिथल्या मॅडमनी पान उलटलं आणि बोट ठेवलं, 'हे काय काका, तुम्ही आहात की!'"

हुश्श! मी तिथेच खुर्चीत बसले. म्हटलं, "शाई लावली ना?"

"लावली. सकाळपासून हात धुतला नाय." मग हळूच म्हणाले, "वहिनी, यंदा आमच्या घरातल्या सगळ्यांनी मत दिलं."

मी सवयीने पुढचं शेपूट ऐकायला थांबले. ते आलंच नाही.